डॉक्टरांना फोनवर कळवलेला शुगरचा आकडा कितपत खरा?

घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर काढण्यापेक्षा डायबेटिसच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोललेलं बरं, हे ठाणेकरांना आता पटवून द्यावं लागत नाही. ऐरोली-घणसोलीतही तेच. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले. प्रत्यक्ष तपासणीनंतर ६ महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी केलेला कॉल फॉलो-अप धरला जातो, आणि त्यात डायबेटिसच्या चालू मेटफॉर्मिनला सिटाग्लिप्टिन या दुसऱ्या गोळीची जोड देण्याची डॉक्टरांना मुभा आहे. म्हणजे घरून पाठवलेल्या आकड्यांवर गोळी वाढते. म्हणूनच हा आकडा कसा तयार होतो, ते पेशंटला माहीत हवं.

ग्लुकोमीटर मुळात वीज मोजतो. पट्टीच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं. रक्त आत ओढलं गेलं की एन्झाइम ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि मध्यस्थ रसायनाच्या हवाली करतं. बऱ्याच पट्ट्यांत हा मध्यस्थ म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाइड. तो इलेक्ट्रॉन घेऊन इलेक्ट्रोडपर्यंत सरकतो आणि तिथे सोडतो. ग्लुकोज जास्त, तर करंट जास्त. मीटर काही सेकंद हा करंट बघतो आणि त्यावरून आकडा काढतो.

आता प्रमाण बघा. पट्टीत साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त जातं. शुगर १०० असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाचं निम्मं. बोटाला लागलेल्या आंब्याच्या रसातून आणखी तेवढंच ग्लुकोज पट्टीत शिरलं, तर मीटर २०० दाखवेल. स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर पुरती निघत नाही. साबण-पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा आणि बोटाच्या कडेला टोचा. थेंब यावा म्हणून बोट पिळू नका, कारण मग पेशींमधला द्रव रक्तात मिसळतो.

दुसरा शत्रू दमट हवा, आणि खाडीकाठच्या आपल्या भागात पावसाळ्यात ती घरभर असते. ओल लागली की एन्झाइम मंदावतं, मग रीडिंग कमी येतं. उलट मध्यस्थ रसायन रक्त येण्याआधीच बदलू लागलं, तर नसलेल्या साखरेचाही करंट मिळतो आणि रीडिंग वाढतं. डबीच्या आत ओल शोषणारं द्रव्य असतं, पण झाकण उघडं राहिलं तर ते किती पुरणार? पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. डबी फ्रिजमध्ये ठेवू नका. गार पट्टी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. डबी कधी उघडली ती तारीख तिच्यावरच लिहा आणि किती दिवसांत संपवायची ते लेबलवर बघा.

सगळ्यात फसवा प्रकार ॲनिमियाचा. तांबड्या पेशी कमी असल्या की मध्यस्थाच्या वाटेत अडथळा कमी, त्यामुळे करंट वाढतो आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं. नवे मीटर ही चूक बरीचशी सुधारून घेतात, जुने घेत नाहीत. मग एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर, भिस्त ठेवावी? लोहाची कमतरता असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळतात. म्हणजे एचबीए१सीसुद्धा फुगतो. दोन्ही आकडे एकाच दिशेला खोटे बोलतात, आणि खालची पापणी किती फिकी आहे ते कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. अशा पेशंटची इन्सुलिन वाढवली तर शुगर धाडकन खाली येण्याचा धोका. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत पाठवाच, आणि लोहाच्या गोळ्या चालू केल्या असतील तर तेही सांगा. नव्या पेशी येऊ लागल्या की शुगर तीच असूनही एचबीए१सी उतरतो.

न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन विकायला आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यांच्याबद्दल स्पष्ट इशारा दिला: असं एकही उपकरण मंजूर केलेलं नाही. त्यांच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणं जिवावर बेतू शकतं. ‘डायबेटिस मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्या काढ्यांच्या नादी लागून गोळ्या बंद करणंही तितकंच घातक.

कॉलच्या आधीचे तीन दिवस उपाशीपोटी आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजा. एकटा आकडा पाठवू नका. काय खाल्लं, गोळी किंवा इन्सुलिन किती वाजता घेतली, हेही लिहा. सेल बदलल्यावर काही मीटरचं घड्याळ चुकतं, मग फोटोतलं सकाळचं रीडिंग रात्रीचं वाटतं. ते आधी लावून घ्या. मीटरच्या मानकात १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे १८५ आणि २०० मध्ये फरक शोधत बसू नका.

काही तपासण्या मात्र कॉलवर होत नाहीत. पायाची संवेदना बघायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठरावीक दाब देणारा नायलॉनचा धागा) तळव्याला टेकवावा लागतो, आणि डोळ्याचा पडदाही वर्षातून एकदा प्रत्यक्ष दाखवावा लागतो. शुगर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर फोन लावत बसू नका: तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. अशा वेळी, किंवा शुगर खूप चढून उलट्या होत असतील आणि श्वास खोल, जोरात चालला असेल, तर थेट १०८.