आधी अंदाज, मग प्रयोग : कृतीतून भौतिकशास्त्र शिकवण्याची पार्श्वभूमी

भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांत आज अनेक ठिकाणी एक क्रम रुळलेला दिसतो. शिक्षक प्रयोगाची मांडणी दाखवतात, पण प्रयोग लगेच करत नाहीत. काय होईल याचा अंदाज प्रत्येकाला आधी कागदावर लिहायला लावतात, शेजाऱ्याशी त्यावर वाद घालू देतात, आणि त्यानंतरच रुळावर गोळी सोडली जाते किंवा कळ दाबली जाते. हा क्रम इतका साधा आहे, की तो कोणालाही पहिल्याच दिवशी सुचला असेल असे वाटावे. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या हाती प्रयोग आला, त्यानंतर हा अंदाज वर्गात रुजायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या विलंबाचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोग ही पाहण्याची गोष्ट होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी सप्रयोग व्याख्याने होऊ लागली आणि १८२७ ते १८६० या काळात त्यांच्या १९ मालिका एकट्या मायकेल फॅरडे यांनी दिल्या. व्याख्याता प्रयोग करत असे आणि श्रोते थक्क होत असत. विद्यार्थ्याने स्वतः उपकरणाला हात लावावा ही कल्पना शाळांपर्यंत पोचली ती शतकाच्या अखेरीस, आणि तीही काहीशी अनपेक्षित वाटेने, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या दडपणामुळे. हार्वर्ड विद्यापीठाने १८८६ च्या सुमारास प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांसाठी सुमारे ४० प्रयोगांची एक यादी तयार केली. ती करणारे एडविन हॉल हे १८७९ मध्ये ज्यांनी ‘हॉल परिणाम’ (धारा वाहणारा वाहक चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर त्याच्या दोन बाजूंमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब) शोधला तेच शास्त्रज्ञ. हे प्रयोग विद्यार्थ्याने शाळेत करून त्यांची वही सादर करावी आणि वर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी, अशी अपेक्षा होती. परिणामी, ज्या शाळांना आपले विद्यार्थी हार्वर्डला पाठवायचे होते, त्यांना प्रयोगशाळा उभारणे भागच पडले.

या यादीचे श्रेय मोठे आहे, आणि तिने लावलेली सवयही तितकीच चिवट ठरली. प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते, कृती पायरीपायरीने लिहून दिलेली असते, आणि विद्यार्थ्याचे काम उरते ते मापन करून ठरलेल्या संख्येच्या जवळ पोचण्याचे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या शीर्षकांची प्रयोगवही ज्याने लिहिली आहे, त्याला निरीक्षणाआधीच अनुमान लिहून ठेवण्याची कला वेगळी शिकवावी लागत नाही. लंबकाच्या आवर्तकाळावरून गुरुत्व त्वरण काढताना ९.८ च्या आसपास न येणारी वाचने कुठे जातात, हेही सर्वांना माहीत असते. याच काळात ब्रिटनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग विद्यार्थ्याला शोधकाच्या जागी बसवण्याचा आग्रह धरत होते; त्यांचा प्रभाव पडला, पण परीक्षांच्या रेट्यापुढे तो फार काळ टिकला नाही.

दुसरी मोठी लाट १९५६ मध्ये आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेरॉल्ड झकारायस यांच्या पुढाकाराने शालेय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने लिहिण्यासाठी एक समिती स्थापन झाली. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहामुळे अमेरिकेला जाग आली आणि मग हे काम सुरू झाले असे सर्रास सांगितले जाते, पण स्पुटनिक अवकाशात गेला तो ४ ऑक्टोबर १९५७ रोजी. समिती त्याआधी वर्षभर कामाला लागलेली होती. स्पुटनिकमुळे तिला मिळाले ते पैसे आणि घाई. १९६० मध्ये तिचे पाठ्यपुस्तक आले. उपकरणे मुद्दाम साधी ठेवलेली होती: लाटांचा अभ्यास करण्यासाठी पाण्याचे उथळ, पारदर्शक तळाचे पात्र, आणि ठरावीक ताणलेल्या रबरी पट्टीने ओढायची छोटी गाडी. पाठोपाठ ब्रिटनमध्ये नफील्ड प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने, एरिक रॉजर्स यांच्या मार्गदर्शनाखाली असाच अभ्यासक्रम तयार झाला. ‘मी करतो आणि मला समजते’ हे त्या चळवळीचे जणू ब्रीद होते. पुढे १९८० च्या दशकात रोझलिंड ड्रायव्हर यांनी मुलांच्या प्रत्यक्ष बोलण्याचा अभ्यास करून त्या ब्रीदाची फिरकी घेतली: मी करतो आणि माझा गोंधळ आणखीच वाढतो. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातली सर्वांत नेमकी टीका हीच आहे, कारण ती कृतीवर नसून, कृती केली की समज आपोआप येते या गृहीतकावर आहे.

या गृहीतकाला तडा जाण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. बर्कलीतील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कारप्लस १९५० च्या दशकाच्या शेवटी मुलीच्या प्राथमिक वर्गात विज्ञानावर बोलायला गेले आणि मुले आपल्याच पद्धतीने विचार करतात, हे पाहून या प्रश्नात गुंतले ते कायमचे. त्यांनी आखलेल्या ‘अध्ययन चक्रा’त विद्यार्थी आधी वस्तू हाताळतो, संकल्पनेचे नाव त्याला नंतर मिळते, आणि शेवटी ती संकल्पना तो नव्या परिस्थितीत वापरून पाहतो. पाठ्यपुस्तकाचा नेहमीचा क्रम, म्हणजे आधी व्याख्या आणि मग उदाहरण, इथे उलटला होता.

खरा पालट मात्र १९७० च्या दशकात सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाला. लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना एकेकट्याने बोलावत, समोर एखादी मांडणी ठेवत आणि त्यांचे म्हणणे ऐकत. त्यातली दोन गोळ्यांची मांडणी आजही मुद्दाम करून पाहण्यासारखी आहे. एक गोळी सपाट रुळावरून एकसारख्या वेगाने जाते. दुसरी तिच्यापेक्षा जोरात सुटते, पण चढावर मंदावत जाते. दुसरी पहिलीला मागे टाकते, आणि थोड्या वेळाने पहिली तिला गाठून पुढे निघून जाते. दोघींचा वेग कोणत्या क्षणी सारखा असतो? ‘त्या शेजारीशेजारी येतात तेव्हा’, असे अनेक विद्यार्थी ठामपणे सांगत. प्रत्यक्षात शेजारी येण्याच्या प्रत्येक क्षणी एक गोळी दुसरीला ओलांडत असते, म्हणजेच वेग वेगळे असतात. ते सारखे होतात ते या दोन भेटींच्या मधे, गोळ्यांतले अंतर वाढायचे थांबून कमी होऊ लागते त्या क्षणी. वेगाची व्याख्या या विद्यार्थ्यांना पाठ होती. त्यांनी स्थान आणि वेग यांची गल्लत केली होती, आणि कितीही आकडेमोड करून घेतली असती तरी ती गल्लत उघडकीस आली नसती.

विजेचा प्रश्नही असाच. एकसारखे सेल आणि एकसारखे बल्ब घेऊन तीन परिपथ करायचे: पहिल्यात एक बल्ब, दुसऱ्यात दोन बल्ब एकसर जोडणीत, तिसऱ्यात दोन बल्ब समांतर जोडणीत. पाचही बल्ब प्रकाशाच्या तीव्रतेनुसार लावा. सेल आदर्श, म्हणजे कितीही बल्ब जोडले तरी ज्याचा विद्युतदाब घटत नाही असा, मानला तर एकटा बल्ब आणि समांतर जोडणीतले दोन्ही बल्ब सारखेच प्रखर असतात, आणि एकसर जोडणीतले दोन्ही सारखेच मंद. विद्यापीठातील विद्यार्थ्यांपैकी हे अचूक सांगणारे सुमारे १५ टक्केच निघाले, आणि हा प्रश्न विषय शिकवण्याआधी विचारला की नंतर, याने फारसा फरक पडला नाही. चुका वाटेल तशा नव्हत्या. त्यांमागे ठरावीक समजुती होत्या. एक अशी, की पहिला बल्ब विद्युतधारा ‘वापरून टाकतो’ आणि दुसऱ्याला उरलीसुरली मिळते. दुसरी अशी, की परिपथात काहीही जोडले तरी सेल ठरलेलीच धारा देतो. या समजुती कळल्यावर कृतीचे प्रयोजन बदलले. नियम पडताळून पाहण्यापेक्षा, विद्यार्थ्याने स्वतःच मांडलेला अंदाज त्याच्या डोळ्यांसमोर खोटा ठरेल अशी मांडणी शोधणे, हे शिक्षकाचे मुख्य काम झाले.

अशा समजुती मोजण्यासाठी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील डेव्हिड हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल-संकल्पनेवरची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड जवळपास नाही, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच बोलण्यातून उचललेले आहेत. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी तिची आधीची आवृत्ती आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहू, की मला वाटते त्याप्रमाणे? या एका प्रश्नात सगळे निदान आले. माझुर यांनी १९९१ पासून व्याख्यानाचे तुकडे करून मधे संकल्पना तपासणारे प्रश्न घालायला सुरुवात केली: प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांतील निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हते त्यातले किती पुढे आले, या मापाने १४ पारंपरिक अभ्यासक्रमांची सरासरी ०.२३ होती, तर विद्यार्थ्यांना वर्गात विचार करायला, बोलायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांची ०.४८. हे प्रयोग नियंत्रित परिस्थितीतले नव्हते, त्यामुळे आकडे जपूनच वापरावे लागतात. तरीही फरक दुपटीचा आहे. दरम्यान १९८० च्या दशकात संगणकाला जोडलेले गतिसंवेदक आले आणि विद्यार्थी त्यांच्यासमोर चालत आपल्याच हालचालीचा आलेख पडद्यावर उमटताना पाहू लागले. मागे-पुढे चालल्यावर उमटलेली रेष म्हणजे टेकडीचे चित्र नव्हे, हे दहा पावलांत कळते.

व्याख्यानातल्या सप्रयोग सादरीकरणाचा हिशेब व्हायला २००४ उजाडले. माझुर यांच्याच गटाने केलेल्या या अभ्यासात, प्रयोग नुसता पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यामागचे कारण सांगता येण्याचे प्रमाण, तो न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच जास्त निघाले; आधी अंदाज नोंदवलेल्यांचे प्रमाण मात्र स्पष्टपणे वाढले, आणि त्यासाठी वर्गातली दोन-एक मिनिटेच जास्त लागली.

एवढे असूनही ही पद्धत सहज पसरलेली नाही, आणि त्याचे एक कारण २०१९ मध्ये हार्वर्डच्याच प्रास्ताविक भौतिकशास्त्राच्या वर्गांत दिसून आले. तिथे तोच भाग काहींना सफाईदार व्याख्यानातून आणि काहींना कृती व चर्चेतून शिकवण्यात आला, आणि नंतर दोन्ही गटांची चाचणी घेण्यात आली. कृतीतून शिकलेल्यांना गुण जास्त मिळाले. आपण किती शिकलो असे वाटते, या प्रश्नाला मात्र त्यांनी व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा कमी गुण दिले.