जावातील ज्वालामुखींची नावे

इंडोनेशियातील जावा बेटाच्या ज्वालामुखींची यादी वाचताना मराठी माणसाला मध्येच ओळखीचे कोणी भेटल्यासारखे होते: सेमेरू, ब्रोमो, अर्जुनो. इस्लामपूर्व हिंदू-बौद्ध राज्यांच्या काळात तिथे रुजलेले हे संस्कृत शब्द आहेत. नावाआधी ‘गुनुंग’, म्हणजे डोंगर, असे लावतात.

ब्रोमो (२,३२९ मी.) म्हणजे ब्रह्मा. जावानीज बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘आ’ ‘ऑ’कडे झुकतो, तसाच अर्जुनाचा अर्जुनो झाला. जुन्या काव्यभाषेत ‘ब्रह्मा’ हा शब्द अग्नीसाठीही येतो. सतत धुमसणाऱ्या विवराला हे नाव सृष्टिकर्त्यापेक्षा विस्तवावरून पडले असावे, हेच अधिक पटते. भोवतालच्या राखाडी मैदानाला ‘सेगारा वेदी’, वाळूचा सागर, म्हणतात. इथले टेंगर लोक हिंदू आहेत. कासादा महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास ते भाजीपाला, कोंबड्या, पैसे विवरात टाकतात. काठाच्या आतल्या उतारावर काही जण जाळी घेऊन उभेच असतात. देवाकडे निघालेला ऐवज ते मधल्यामध्ये झेलतात. या सणाचे नाव ‘यज्ञ कासादा’. रोमन लिपीत तिथे यज्ञ लिहिताना द, न, य हीच अक्षरे येतात. हिंदीतला ‘यग्य’ नव्हे, आपला ‘यद्न्य’!

सेमेरू (३,६७६ मी.) हा बेटावरचा सर्वांत उंच पर्वत, नाव सुमेरूवरून आले आणि माथ्याला महामेरू म्हणतात. ‘तांतु पांगेलारन’ या जुन्या जावानीज ग्रंथातली कथा अशी: जावा बेट डुगडुगत होते, म्हणून देवांनी जंबुद्वीपातून मेरू उचलून आणला. पश्चिमेला ठेवला तर पूर्वेची बाजू वर उचलली गेली. मग तो पूर्वेकडे नेताना वाटेत ढलप्या पडल्या आणि त्यांचे डोंगर झाले.

मेरापीची (सुमारे २,९०० मी.) फोड ‘मेरू’ आणि ‘आपी’, म्हणजे अग्नी, अशी करतात. मात्र रोजच्या जावानीजमध्ये आगीला ‘गनी’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘अग्नी’वरूनच आलेला. सुमात्रात याच नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे, मारापी. बातम्यांत दोघांची नेहमी गल्लत होते.

काही नावांत देवादिकांचा संबंध नाही. वेलिरांग म्हणजे गंधक. सुंबिंग म्हणजे काठाचा टवका उडालेला.

सुंदा सामुद्रधुनीतल्या क्राकाताऊचा १८८३ साली स्फोट झाला आणि बेटाचा बराचसा भाग समुद्रात गेला. १९२७ साली त्याच जागी पाण्याखालून नवा ज्वालामुखी डोके वर काढू लागला. त्याला ‘अनाक क्राकाताऊ’, क्राकाताऊचे पोर, म्हणतात. २२ डिसेंबर २०१८ रोजी या पोराची एक बाजू समुद्रात ढासळली आणि त्सुनामीने जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक माणसे मेली. नाव मात्र अजून ‘पोर’च आहे.