नाव कुणाचं, साल कोणतं? हेलियम, विजयदुर्ग आणि शोधनिबंधाची नीती

वाघोटण खाडीच्या मुखावरच्या विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथेच दुर्बीण लावून हेलियम शोधला, अशी गोष्ट देवगड तालुक्यात आवडीने सांगितली जाते. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. गोष्टीतला माणूस खरा आहे, ठिकाणही खरं आहे. साल मात्र सुमारे तीस वर्षांनी चुकलं आहे. १८६८च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडलेला होता.

हे खुसपट काढणं नव्हे. कुणी, कधी, कुठे आणि काय पाहिलं, हे जसंच्या तसं लिहिणं हाच संशोधकाचा पहिला धर्म आहे. त्यात कुठे कुठे घसरायला होतं, हे हेलियमच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

१८६८च्या ग्रहणाची सावली जमखिंडी, गुंटूर, मछलीपट्टणम अशी भारत ओलांडून गेली. गुंटूरला पिएर यान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना इतक्या ठळक तेजस्वी रेषा दिसल्या की या रेषा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा. यातली युक्ती सुंदर आहे. आकाशाच्या उजेडात सगळे रंग असतात, त्यामुळे प्रिझममधून तो जितका पसरवावा तितका फिका होत जातो. ज्वाळेचा प्रकाश मोजक्याच रंगांत एकवटलेला असतो. रेषा एकमेकींपासून लांब जातात, पण त्यांचं तेज टिकून राहतं. हीच युक्ती लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे साधली. दोघांनी कळवलेली बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत पोचली. अकादमीने दोघांनाही श्रेय दिलं आणि १८७२ साली फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेलं पदक काढलं. आजच्या शोधनिबंधावर 'प्राप्त' आणि 'स्वीकृत' अशा तारखा छापतात त्या अशाच प्रसंगांसाठी.

पण हे श्रेय पद्धतीचं होतं, वायूचं नव्हे. ज्वाळांमध्ये एक पिवळी रेषा होती. तिची तरंगलांबी सुमारे ५८७.६ नॅनोमीटर, तर सोडियमच्या जोडरेषांची ५८९.० आणि ५८९.६. फरक इतका थोडा की ग्रहणाच्या घाईत अनेकांनी तिला सोडियमचीच मानलं. मछलीपट्टणमला असलेले मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन यांना मात्र ती सोडियमच्या जागेशी नेमकी जुळत नसल्याचं जाणवलं होतं. त्यांचं निरीक्षण सरकारी अहवालात राहिलं, विज्ञान नियतकालिकात आलं नाही, आणि पुढच्या इतिहासातून त्यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. संशोधन वेळेवर आणि समव्यावसायिकांच्या नजरेखालून जाईल अशा जागी प्रसिद्ध करणं हीसुद्धा लेखकाची जबाबदारी आहे, ती यासाठी.

लॉकियर यांनी ही रेषा नीट मोजली आणि रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या मदतीने ती प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून मिळते का, ते तपासलं. मिळाली नाही. लॉकियर यांचा कल नव्या मूलद्रव्याकडे होता, फ्रँकलंड यांना तेवढ्या पुराव्यावर तसं म्हणणं पटत नव्हतं. तरीही १८७१ साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हेलियम हे नाव दोघांच्या वतीने जाहीर करून टाकलं. फ्रँकलंड यांनी पुढे त्यातून आपलं अंग काढून घेतलं. १८९५ साली विल्यम रॅम्झे यांना युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू मिळाला आणि लॉकियर बरोबर ठरले. माझ्या मते फ्रँकलंड यांचं वागणंही तितकंच बरोबर होतं. आपल्याला न पटलेल्या निष्कर्षावर आपलं नाव नको, हे म्हणायला धैर्य लागतं.

आपलं नाव लागण्याआधी संमती देण्याची जी संधी फ्रँकलंड यांना मिळाली नाही, ती आज नियमात आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि इतर शाखांनीही त्या थोड्याफार फरकाने स्वीकारल्या आहेत. कामाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि निबंधातल्या कुठल्याही भागाबद्दल प्रश्न उठला तर उत्तर देण्याची तयारी हवी. चारही एकदम. नुसता निधी मिळवून दिला, प्रयोगशाळा वापरू दिली, वरवर देखरेख केली, एवढ्याने कुणी लेखक होत नाही.

हे आपल्याकडे आणून पाहू. समजा, रत्नागिरीजवळच्या एका खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांवर, एक विद्यार्थिनी संशोधन करते आहे. उधाणाच्या दिवसांतल्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ती तिसऱ्या काढणाऱ्या बायकांबरोबर चिखलात उतरते, ठरलेल्या चौकटीतल्या तिसऱ्या मोजते, एकेकीची लांबी मापते, पाण्याची क्षारता टिपते. मार्गदर्शकांनी प्रश्न आखून दिला आणि मसुदा ओळ न् ओळ तपासला. ही दोघं लेखक आहेत, यात वाद नाही. विभागप्रमुखांनी अर्जावर सही केली. त्यांचे आभार मानावेत, लेखकांत नाव नको. आपल्या महाविद्यालयांत नेमकं इथेच पाणी मुरतं. 'सरांचं नाव घालावंच लागतं' हे वाक्य इतकं रुळलं आहे की त्यात काही गैर आहे, असं विद्यार्थ्यांना वाटेनासं झालं आहे. असं नाव म्हणजे न केलेल्या कामाचं श्रेय, आणि बढतीच्या अर्जात ते कुणाच्या तरी पुढे जाऊन बसतं.

आता त्या बायकांचं काय? पावसाळ्यानंतर गोडं पाणी ओसरलं की कुठल्या पट्ट्यात बारीक तिसरी आधी दिसते, हे त्यांनी सांगितलं आणि त्यावरून नमुने घेण्याच्या जागा ठरल्या. अशा वेळी ऋणनिर्देशात 'स्थानिक महिलांचे आभार' एवढं लिहून भागवणं मला अपुरं वाटतं. ज्यांची तयारी असेल त्यांची नावं, त्यांना विचारून, यायला हवीत. एखादीने वर्षभर रोजच्या नोंदी ठेवल्या आणि कुठल्या पट्ट्याची तुलना कशाशी करायची हेही तिनेच सुचवलं, तर ती पहिल्या अटीत बसते. मग मसुदा वाचण्याची आणि संमती देण्याची संधी तिला द्यावी, असं हेच नियम सांगतात. निबंध इंग्रजीत आहे ही तिची अडचण नव्हे, संशोधकांची आहे. त्यांनी तो मराठीत समजावून सांगावा.

आणखी एक गोष्ट. तिसऱ्यांचा भरगच्च पट्टा नेमका कुठे आहे, याचे अक्षांश-रेखांश छापले तर उद्या तिथे कोण उतरेल, याचा विचार छापण्याआधी करावा लागतो. दुर्मिळ किंवा पोटापाण्याशी जोडलेल्या सजीवांच्या बाबतीत जागा ढोबळ देणं आणि ती ढोबळ का दिली हे निबंधात लिहिणं ही मान्य रीत आहे. जागा खोटी देणं मात्र वेगळं. हिमालयातल्या जीवाश्मांवर पंचवीसेक वर्षं निबंध लिहिणाऱ्या एका भारतीय भूशास्त्रज्ञाचे अनेक नमुने भलत्याच देशांतले असल्याचं ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी १९८९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. त्या निबंधांवर सहलेखकांची मोठी रांग होती. नमुने खरोखर कुठे मिळाले हे न पाहताच अनेकांनी नावं दिली होती, आणि हिमालयाच्या भूशास्त्रातला तो गाळ उपसायला इतरांना वर्षं घालवावी लागली. चौथी अट कशासाठी आहे, ते इथे कळतं.

वाङ्मयचौर्याबद्दल बरंच बोललं जातं, म्हणून थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुढे ४० आणि ६० टक्के अशा पायऱ्या आहेत आणि ६०च्या वर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. यावरून '१० टक्के उचललं तर चालतं' असा अर्थ काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत, पण नाव न घेता मांडली, तर आकडा शून्य येईल आणि चोरी ती चोरीच राहील. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मसुदा घासूनपुसून घेतला तर तसं निबंधात सांगावं लागतं, आणि तिला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण ती कशाचीच जबाबदारी घेऊ शकत नाही.

चूक सापडली तर काय? प्रामाणिक चूक असेल तर शुद्धिपत्र, निष्कर्षच कोसळत असेल तर निबंध मागे घेणं. २०२३ साली जगभरात १०,०००हून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतले बहुसंख्य बनावट किंवा संशयास्पद होते, त्यामुळे 'मागे घेणं' याला बदनामीचा वास लागला आहे. याचं मला वाईट वाटतं. स्वतःहून चूक कळवणाऱ्या लेखकाचा मान वाढायला हवा. विजयदुर्गच्या फलकांवर आणि भाषणांत १८९८ हे साल आलं तर किल्ल्याचं काहीच उणं होणार नाही. उलट, 'नेचर' सुरू करणारा माणूस साठी ओलांडल्यावर बोटीने आपल्या किनाऱ्यावर आला आणि सूर्य झाकला जाण्याच्या दोनेक मिनिटांसाठी इथे तळ ठोकून बसला, ही खरी गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

आपलं नाव गाळलं गेलं किंवा न विचारता घातलं गेलं, तर विद्यार्थ्याने संपादकाला लिहावं. संपादक सहसा न्यायनिवाडा करत नाहीत, ते प्रकरण लेखकांच्या संस्थेकडे पाठवतात. म्हणून पुरावा आपल्याकडे हवा. वही तारखेसह लिहा, मूळ मोजमापं जपा, आणि कुणाची नावं कोणत्या क्रमाने येणार हे मार्गदर्शकांशी पहिल्याच महिन्यात बोलून एका ईमेलमध्ये लिहून ठेवा. काम वाढलं, माणसं वाढली, तर ते ईमेल पुन्हा उघडून सगळ्यांच्या संमतीने बदला.