‘खय दुखता?’ विचारणाऱ्याला किती मार्क?

भातलावणीचे दिवस. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वॉर्डात वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहे आणि खाटेवर चार दिवसांच्या तापाचा शेतकरी. एक विद्यार्थी मालवणीत विचारतो, ‘खय दुखता तुमका?’ (कुठे दुखतंय तुम्हाला?) गप्पांच्या ओघात पायांच्या चिखल्या, दुखणाऱ्या पोटऱ्या, कमी झालेली लघवी असं सगळं बाहेर येतं आणि तो लेप्टोच्या, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, संशयापर्यंत पोहोचतो. दुसरा इस्त्रीच्या एप्रनमध्ये, प्रमाण मराठीत तापाचे दिवस विचारून थांबतो. परीक्षकाच्या कागदावर नुसतं ‘व्यावसायिक वर्तन : १० पैकी’ असेल, तर दुसऱ्याला जास्त मार्क पडण्याची भीती खरी आहे.

त्या रकान्यात काय मोजायचं, हेच लिहिलेलं नसतं. मग पोशाख, उच्चार, आडनाव, आपण शिकत असताना डॉक्टर कसे दिसायचे याची आठवण, हे सगळं तिथे भरतं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच हा दोष टिपला होता. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि स्वभाव यांचे वेगवेगळे गुण दिले, पण ते एकमेकांशी संशयास्पद जुळत होते. एका गुणाचा उजेड बाकीच्यांवर पडला होता.

अलीकडचं उदाहरण बोचरं आहे. रक्तवाहिन्यांच्या तरुण सर्जनांची समाजमाध्यमांवरची खाती तपासणारा एक अमेरिकी शोधनिबंध २०२० मध्ये मागे घ्यावा लागला. बिकिनीतले फोटोही त्यात ‘अव्यावसायिक ठरू शकतील’ अशा यादीत होते.

म्हणून व्यावसायिकतेचे निकषच टाकून द्यावेत का? नाही. २००५ मध्ये मॅक्सीन पापाडाकिस या अमेरिकी डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेले २३५ डॉक्टर आणि तसे न झालेले ४६९ डॉक्टर यांच्या कॉलेजातल्या नोंदी ताडून पाहिल्या. कारवाईशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते तीव्र बेजबाबदारपणाचं, त्याखालोखाल चूक दाखवूनही न सुधारण्याचं. दोन्ही गोष्टी वागण्यातून दिसतात, तारखेनिशी नोंदवता येतात.

पण नोंद कशी करायची? ‘बेफिकीर आहे’ हा शेरा झाला. ‘या आठवड्यात दोनदा राउंडला २० मिनिटं उशिरा, रुग्णाचा रिपोर्ट बघितला नव्हता’ ही नोंद. ती त्याच दिवशी लिहावी, कारण सत्राच्या शेवटी आठवून लिहिताना आवडत्यांचे उशीर विसरले जातात. आणि लिहिण्याआधी कारण विचारावं. पहिली एसटी चुकणं आणि झोपून राहणं यांत फरक आहे, मात्र न बघितलेला रिपोर्ट दोन्हीकडे तेवढाच गंभीर.

खाटेपाशी तपासायच्या गोष्टीही अशाच सुट्या कराव्यात. नाव सांगितलं का? हात धुतले का? पडदा ओढून, विचारून मगच अंगाला हात लावला का? कामधंदा, चिखलात उभं राहणं, उघडी जखम यांबद्दल विचारलं का? शेवटी ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, सांगा बघू’ असं रुग्णाकडून वदवून घेतलं का? भाषेचे मार्क द्यायचे ते या शेवटच्या उत्तरावर, विद्यार्थ्याच्या ‘न’ आणि ‘ण’वर नव्हे. अर्थात मालवणी येते म्हणून फुकटचे मार्कही नकोत. सरकारी कॉलेजांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तिथून आलेल्यांना पहिल्याच महिन्यात दुखण्याखुपण्याचे पन्नासेक स्थानिक शब्द शिकवणं हे कॉलेजचं काम.

यादीचाही तोटा असतो. मुलं ‘तपासू का?’ एवढं पुटपुटतात आणि उत्तराची वाट न बघता पोट दाबतात. त्यामुळे एकूण मताचा एक रकाना राहू द्यावा, पण समोर पुराव्याचं एक वाक्य सक्तीचं.

एकाच परीक्षकाच्या हातात सगळे मार्क नसावेत, हे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये १९७५ साली मांडलेल्या ‘ऑस्की’ परीक्षेचं मर्म आहे : अनेक टेबलं, नेमलेली मिनिटं, बहुतेक टेबलांवर वेगळा परीक्षक, म्हणजे एकाचा पूर्वग्रह पातळ होतो. शिक्षक कमी असतील तर एका टेबलावर निदान दोघांनी, एकमेकांचा कागद न बघता मार्क द्यावेत. दहापैकी तिनाहून जास्त फरक पडला तर सरळ सरासरी काढू नये. दोन्ही पुराव्याची वाक्यं शेजारी ठेवून वाचावीत. बऱ्याचदा त्यांतल्या एका वाक्यात पुरावा नसतो, नुसतं विशेषण असतं.