स्वतःप्रामाण्य

झालेले ज्ञान खरे आहे हे कळायला दुसऱ्या दाखल्याची गरज नाही, असे मानणारा मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचा सिद्धांत. त्याविरुद्ध नैयायिकांचा, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनाच्या अनुयायांचा परतःप्रामाण्यवाद: खरेपणा दुसऱ्या दाखल्यावरूनच कळतो.

मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान झाले की ते खरेच धरावे. पुढे त्याला खोटे ठरवणारे ज्ञान झाले किंवा डोळ्यांत, उजेडात, सांगणाऱ्यात दोष सापडला तरच सोडावे. पुरावा मागायचा तो खोटेपणाचा. नैयायिक म्हणतात, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळली, की त्यावरून खरेपणाचे अनुमान होते.

लातूर-नांदेडकडे घरचे सोयाबीन बियाणे पेरणीआधी तपासतात, ते न्यायमताला धरूनच. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून त्यातले 100 दाणे न निवडता घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बी पुरते. कमी आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. नुसत्या नजरेवर इथे भागत नाही, कारण सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राच्या माराने आतला अंकुर दुखावतो, दाणा मात्र टपोरा दिसतो. तसलेच टपोरे दाणे वेचून घेतले तर चाचणीच फसते.

पण मोजणी बरोबर झाली हे कशावरून? फेरमोजणीवरून म्हटले तर तिचे काय? ही अनवस्था, म्हणजे कुठेच न संपणारी साखळी. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने प्रमाणांनाच, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनाच, प्रमाण कोणते, असे विचारले. ग्रीक संशयवादी अग्रिप्पाने तीनच वाटा दाखवल्या: मागे मागे जात राहणे, वर्तुळात फिरणे किंवा काही गृहीत धरून थांबणे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये थांबण्याची जागा शोधली ती शंका घेणाऱ्या ‘मी’च्या अस्तित्वात. नैयायिकांचे उत्तर अधिक व्यवहारी आहे: शंकेलाही कारण लागते. ओळ चुकली, दाणा दोनदा मोजला गेला, असे काही दिसले तर फेर मोजावे, एरवी नाही. इथे ते मीमांसकांच्या बरेच जवळ येतात.

या वादात एक गल्लत नेहमी होते. पोत्यातले बी उगवणारे आहे की नाही, हे चाचणीने ठरत नाही, फक्त कळते. ज्ञानाला थांबण्याचा पाया हवा की नको हा प्रश्न या कळण्यापुरता आहे; सत्य त्यावर अडून नसते.

पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्याच ओवीत आत्मरूपाला ‘स्वसंवेद्या’ म्हणतात. तो आधार या सिद्धांतासाठी घेणे चूक. आत्म्याला प्रकाशायला दुसरे काही लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोत्यातल्या बियांबद्दलचे विधान त्याने सिद्ध होत नाही.