हाताची गाठ बरी होत नाही? डॉक्टरांना फिश टँकबद्दल सांगा

आमच्याकडून टाकी नेणाऱ्या आणि आमच्याकडून टाकी साफ करून घेणाऱ्या प्रत्येक घरासाठी हे पत्रक आहे. टाकी विकताना मासे कोणते, खाणे किती, फिल्टर कधी धुवायचा हे सगळे सांगून होते. त्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. आम्हाला ते सांगणे गरजेचे वाटते.

बोटावर, हाताच्या पाठीवर किंवा मनगटावर लालसर-जांभळी गाठ उठली, ती फारशी दुखत नाही, पण तीन-चार आठवडे झाले तरी जातही नाही, असे झाले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, "घरी फिश टँक आहे, साफ करताना मी त्यात हात घालतो." पत्रकातले एवढेच लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

हा जंतू कोणता

टाकीच्या पाण्यातून अशी गाठ उठवणाऱ्या जंतूचे नाव मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. क्षयाच्या जंतूच्या जवळच्या नात्यातला, पण राहणारा पाण्यात आणि माशांत. १९२६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये जोसेफ ॲरन्सन यांना तो प्रथम सापडला. माणसाला तो बाधतो हे कळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. १९५१ मध्ये स्वीडनमधल्या नॉर्डेन आणि लिनेल या डॉक्टरांनी पोहण्याच्या तलावातून लागण झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे तलावांत क्लोरीनचे प्रमाण नीट राखले जाऊ लागले आणि तिथली लागण घटत गेली. १९६२ मध्ये घरच्या शोभेच्या माशांच्या टाकीतून झालेली लागण वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली, आणि तेव्हापासून टाकी हेच या आजाराचे मुख्य ठिकाण मानले जाते. फ्रान्समधल्या ६३ रुग्णांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के रुग्णांचा संबंध फिश टँकशी होता.

यामागचे कारण मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला पटेल. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना मारतो म्हणून आपण पाणी आदल्या दिवशी भरून ठेवतो किंवा त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकतो. म्हणजे जंतूंना आवरणारी गोष्ट आपण मुद्दाम काढून टाकतो, आणि माशांसाठी ते करावेच लागते. त्यात हा जंतू ३० ते ३३ अंश सेल्सिअसला सर्वांत चांगला वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हीटर बंद असला तरी टाकीचे पाणी सहज तिथपर्यंत पोहोचते. काचेवर, पाइपच्या आत आणि फिल्टरच्या स्पंजवर जो बुळबुळीत थर साचतो, त्यात तो मुरून राहतो. नुसते पाणी बदलून तो जात नाही.

याच आवडीमुळे तो आपल्या हातावरच अडतो. शरीराच्या आतल्या ३७ अंशांना त्याची वाढ नीट होत नाही. हातपायांची कातडी त्यामानाने थंड असते. म्हणून गाठ बहुधा बोटांवर, मनगटावर किंवा कोपरापर्यंत दिसते. धडधाकट माणसात तो फुफ्फुसापर्यंत जात नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला लागणही होत नाही, त्यामुळे घरात कुणाला हा आजार झाला तर त्याचे ताट-वाटी वेगळे करू नका.

आजार दुर्मीळ आहे. परदेशातल्या अंदाजांनुसार वर्षाला दर लाख लोकांमागे एकाहूनही कमी. टाकी विकून टाकावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दुर्मीळ असल्यामुळेच तो पटकन कुणाच्या लक्षात येत नाही आणि उपचाराला महिनोन् महिने उशीर होतो.

गाठ कशी दिसते

धड कातडीतून हा जंतू आत शिरत नाही. त्याला चीर, खरचटलेली जागा, नखाजवळची सोललेली कातडी किंवा माशाचा काटा लागतो. खडी घासताना झालेली जखम दोन दिवसांत भरून येते आणि आपण ती विसरतो. गाठ दिसू लागते साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी कधी कित्येक महिन्यांनी. टाकीचा आणि गाठीचा संबंध घरच्यांना जुळवता येत नाही, तो या अंतरामुळे.

सुरुवातीला पुळीएवढा उंचवटा असतो. हळूहळू तो वाढतो, वर खपली धरते किंवा फुटून व्रण होतो. काही जणांत पहिल्या गाठीपासून हातावर वरच्या दिशेने एका ओळीत आणखी गाठी येतात. अशी ओळ दिसली तर एक दिवसही घालवू नका. बोट वाकवताना दुखू लागले किंवा सांधा सुजला तर जंतू खाली स्नायुबंधापर्यंत गेल्याची शक्यता असते, आणि मग औषधाबरोबर शस्त्रक्रियाही लागू शकते.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो. पाण्यात हात घातल्यावर एक-दोन दिवसांतच जखम लाल होऊन झपाट्याने सुजली, ठणका लागला, ताप आला, तर तो हा आजार नव्हे. एरोमोनाससारखे पाण्यातले इतर जंतू असे वेगाने पसरतात, आणि समुद्राच्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस यकृताचा आजार असणाऱ्यांच्या जिवावर बेततो. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे

मेडिकलमधून मलम आणून लावणे पहिल्यांदा थांबवा. गजकर्णासाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली तात्पुरती ओसरते आणि आत जंतूला मोकळे रान मिळते.

डॉक्टर बहुधा गाठीचा तुकडा तपासायला पाठवतील. प्रयोगशाळेत या जंतूसाठी कल्चर (तुकड्यातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) ३० अंशांच्या आसपास ठेवावे लागते, नेहमीच्या ३७ अंशांवर तो उगवतच नाही असे होऊ शकते. टाकीचा उल्लेख तुम्ही केलात तरच डॉक्टर लॅबला तशी सूचना देतील. दुसरा घोटाळाही आपल्याकडे सहज होऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू क्षयाच्या जंतूसारखाच दिसतो आणि क्षयासाठी कातडीत टोचून करतात ती मॅन्टू चाचणीही होकारार्थी येऊ शकते. त्यावरून टीबीची नेहमीची औषधे सुरू झाली, तर त्यातल्या आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचा इथे उपयोग होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही औषधे लागू पडतात. कोणते आणि किती हे डॉक्टरच ठरवतील. उपचार लांबतो, तीन-चार महिने किंवा त्याहून अधिक, आणि गाठ गेल्यावरही महिना-दोन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. मधेच सोडू नका.

हाच जंतू संशोधकांच्या कामीही आला आहे. बडोद्यात वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन केंब्रिजमध्ये क्षयरोगावर काम करतात. झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लांत हा जंतू सोडून क्षयाच्या गाठी कशा तयार होतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. आमच्या दुकानात झेब्रा डॅनियो म्हणून मिळतो तोच हा मासा.

टाकीत हात घालताना

हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकी साफ करू नका, किंवा कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घाला. बाजारात असे मोजे सहज मिळत नसतील तर आमच्याकडे आहेत. काम झाल्यावर हात साबणाने खसखसून धुवा, मुलांचेही.

पाइप तोंडाने ओढून पाणी काढायची सवय कृपा करून सोडा. पंपाचा फुगा असलेला सायफन स्वस्तात मिळतो. फिल्टरचा स्पंज आणि खडी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नका. त्यासाठी वेगळी बादली ठेवा आणि घाण पाणी संडासात ओता.

घरात कुणाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने किंवा बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्या व्यक्तीने टाकीत हातच घालू नये. त्यांच्यात हा जंतू कातडीपुरता राहीलच असे नाही. मासे त्यांनी खुशाल पाहावेत, खाणेही वरून टाकावे.

मासा आजारी दिसला तर

खात असूनही मासा वाळत चालला, पाठीचा कणा वाकला, रंग उडाला, अंगावर व्रण पडले किंवा डोळे बाहेर आले, तर या जंतूची शंका घ्या. याच खुणा दुसऱ्या आजारांतही दिसतात, पण मोजे घालायला एवढे कारण पुरे आहे. असा मासा लगेच वेगळा करा. खात्रीशीर औषध नाही, आणि बाजारातल्या निळ्या-पिवळ्या थेंबांनी हा बरा होत नाही. मेलेला मासा टाकीत राहू दिला तर बाकीचे मासे तो खातात आणि लागण वाढते. तो मांजरालाही घालू नका आणि ओढ्या-तलावातही टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. नवे मासे आम्ही आधी वेगळ्या टाकीत ठेवतो, तरी निरोगी दिसणाऱ्या माशातही हा जंतू असू शकतो, त्यामुळे आमच्याकडचा मासा म्हणून निर्धास्त राहू नका.

घरात कुणाला हा आजार झाल्याचे निदान झाले, तर आम्हाला कळवा. स्पंज, खडी आणि झाडे फेकून द्यावी लागतात. टाकीत ब्लीचचे पाणी भरून ठेवायचे, नीट खळबळून काढायचे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायची. हे काम आम्ही मोजे घालून करून देऊ. स्वतः करणार असाल तर काचेवर उकळते पाणी ओतू नका, तडा जातो.