उरणचा वायू, कोयनेचे पाणी

संध्याकाळी सौर वीज मावळते आणि त्याच सुमाराला घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात. या तीन-चार तासांच्या चढावासाठीच चालवल्या जाणाऱ्या केंद्राला पीकिंग प्लांट म्हणतात. जगात अनेक ठिकाणी हे काम नैसर्गिक वायूवरची टर्बाइन करते. महाराष्ट्रात वायू आला, टर्बाइनही आली, पण हे काम गेले कोयनेकडे.

वीजनिर्मितीसाठीची पहिली सार्वजनिक गॅस टर्बाइन 1939 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे बसली. क्षमता अवघी 4 मेगावॉट, तीही अडीअडचणीसाठी राखीव. तिला खरा भाव आला तो 9 नोव्हेंबर 1965 ला अमेरिकेचा ईशान्य भाग अंधारात गेल्यावर. बंद पडलेली मोठी केंद्रे पुन्हा सुरू करायलाच वीज लागत होती आणि ती कुठेच नव्हती! त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी काही मिनिटांत पेटणाऱ्या टर्बाइन धडाधड मागवल्या. कोळशाचा थंड बॉयलर तापायलाच कित्येक तास जातात.

आपल्याकडची सुरुवात वेगळ्या गरजेतून झाली. बॉम्बे हायमध्ये 1974 ला तेल सापडले, 1976 ला उत्पादन सुरू झाले. तेलासोबत येणारा वायू वापराअभावी समुद्रावरच जाळला जात होता. तो उरणला आणल्यावर राज्य विद्युत मंडळाने बोकडविऱ्याला केंद्र उभारले. 1982 मध्ये 60 मेगावॉटचे संच आले, मग 108 मेगावॉटचे चार. पुढे टर्बाइनच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून 120 मेगावॉटचे दोन संच जोडले. इंधन तेवढेच, वीज जास्त. हिशेब चोख होता. पण वाफेची जोड दिलेले केंद्र रोज चालू-बंद करणे परवडत नाही. शिवाय देशी वायू स्वस्त. मग उरण दिवसरात्र चालवणेच फायद्याचे. जुने छोटे संच मोडीत निघाल्यावर आज क्षमता 672 मेगावॉट आहे, आणि तेवढी चालवायला वायू पुरत नाही, हे रडगाणे जुनेच.

संध्याकाळचा भार कोयना उचलते. 1960 मेगावॉट, झडप उघडली की काही मिनिटांत वीज. अडचण एकच: कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. एप्रिल-मेमध्ये मागणी कळसाला पोचते, तेव्हा कोट्यातले किती पाणी उरले हे मोजूनच संच चालवावे लागतात.

इथे वायूची आठवण होते. पण आंध्र किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू 2010 नंतर झपाट्याने घटला, आयात केलेला द्रवरूप वायू (एलएनजी) महाग, आणि स्वस्त वीज आधी घेण्याच्या नियमात अशी केंद्रे रांगेत शेवटी पडतात. 2024 मध्ये देशातली सुमारे 25 हजार मेगावॉट वायू-क्षमता त्यामुळे बहुतांश वेळ बंद असे. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम 11 खाली, म्हणजे असाधारण परिस्थितीत केंद्रे चालवायला लावण्याच्या अधिकाराखाली, ती चालू ठेवायला सांगितली. त्या 30 मे रोजी देशाची मागणी 250 गिगावॉटवर (अडीच लाख मेगावॉट) गेली होती.